बर्मंडसीचा पोकळ बालेकिल्ला

बॉब मेलिश नोव्हेंबर 1946 मध्ये ब्रिटिश संसदेत आले ते एका पोटनिवडणुकीतून, आणि नोव्हेंबर 1982 मध्ये संसदेतून बाहेर पडले ते एक पोटनिवडणूक मागे ठेवून. मधली 36 वर्षे लंडनमधला थेम्स नदीच्या दक्षिण काठावरचा बर्मंडसी-रॉदरहाइथ हा गोदी कामगारांचा टापू त्यांच्याच नावाने ओळखला जाई. मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, गोदी बंद पडली, सात-आठ पंतप्रधान आले आणि गेले. मेलिश मात्र तिथेच होते. 1979 मध्ये मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या, त्या निवडणुकीतही मजूर पक्षाच्या मेलिश यांना इथे 63.6 टक्के मते पडली. उदारमतवादी पक्षाचा उमेदवार 6.8 टक्क्यांवर होता. पुढे चार वर्षेही पुरी झाली नाहीत, तोच 24 फेब्रुवारी 1983 रोजी त्याच जागेवर उदारमतवाद्यांना 57.7 टक्के मते मिळाली आणि मजूर पक्ष 26.1 टक्क्यांवर आला. निवडणूकशास्त्राच्या हिशेबात हा 44.2 टक्क्यांचा झोका. ब्रिटनमधल्या पोटनिवडणुकांच्या इतिहासात एवढी उलथापालथ तोवर झालेली नव्हती.

ही कथा साधारणपणे दोन प्रकारे सांगितली जाते. एक प्रकार असा: मजूर पक्षाने पीटर टॅचेल हा तरुण, डावा, परदेशात जन्मलेला आणि समलिंगी उमेदवार दिला, वृत्तपत्रांनी आणि विरोधकांनी त्याची यथेच्छ विटंबना केली, आणि पूर्वग्रह जिंकला. दुसरा प्रकार: मजूर पक्ष त्या काळात डाव्या-उजव्या भांडणात स्वतःचेच घर जाळत होता, आणि ठिणगी बर्मंडसीत पडली. दोन्ही खरे आहे. तरीही 63 टक्क्यांची इमारत एका उमेदवारामुळे किंवा एका भांडणामुळे चार वर्षांत कोसळत नाही. ती आधीच आतून पोखरलेली असावी लागते. बर्मंडसीत ती कशी बांधली गेली आणि कधीपासून पोखरली गेली, हे पाहायचे तर मेलिश यांच्याही मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मंडसी म्हणजे लंडनचे स्वयंपाकघर आणि परसदार एकाच ठिकाणी. पीक फ्रीनचा बिस्किटांचा कारखाना, जॅमचे आणि व्हिनेगरचे कारखाने, कातडी कमावण्याच्या जागा, आणि नदीकाठाला लागून धान्याच्या, लोण्याच्या, चहाच्या वखारी. चार्ल्स डिकन्सने 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या बिल साइक्सचा शेवट घडवला ती जेकब्स आयलंडची गलिच्छ वस्ती इथलीच. गोदीतले काम रोजंदारीचे. सकाळी दरवाज्याशी उभे राहायचे, मुकादमाने बोट दाखवले तर आत, नाही तर उपाशी घरी. बायका कारखान्यांत. ऑगस्ट 1911 च्या उकाड्यात याच कारखान्यांतल्या हजारो बायका काम टाकून रस्त्यावर आल्या आणि बहुतेकींनी पगारवाढ मिळवूनच परत पाऊल ठेवले.

या वस्तीत 1900 च्या सुमारास आल्फ्रेड सॉल्टर नावाचा डॉक्टर दवाखाना थाटून बसला. गाइज हॉस्पिटलमधला हुशार विद्यार्थी. संशोधनात नाव कमावण्याची सगळी लक्षणे असताना त्याने सहा पेन्स फी घेऊन, अनेकदा तीही न घेता, गोदीवाल्यांची नाडी पाहायला सुरुवात केली. त्याची बायको एडा सॉल्टर त्याच्याइतकीच, किंबहुना संघटनेच्या बाबतीत काकणभर सरस. दोघांनी ठरवले की ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्या शेजारीच राहायचे. त्यांची एकुलती एक मुलगी जॉइस वस्तीतल्या मुलांबरोबर वाढली आणि 1910 मध्ये, आठ वर्षांची असताना, त्याच वस्तीतल्या साथीत स्कार्लेट फीव्हरने गेली. यानंतरही सॉल्टर दांपत्याने बर्मंडसी सोडली नाही.

राजकारणात त्यांना यश चटकन मिळाले नाही. 1909 मध्ये बर्मंडसीत पोटनिवडणूक झाली. डॉ. सॉल्टर उभे राहिले, हरले, आणि मते फुटल्याने हुजूर पक्षाचा उमेदवार निवडून आला. मग त्यांनी जे केले ते कंटाळवाणे काम होते: गल्लोगल्ली शाखा, आठवड्याची वर्गणी, घराघरात जाणारे मासिक पत्रक, रस्त्याच्या कोपऱ्यावर रविवारची सभा. 1922 मध्ये फळ आले. डॉक्टर पश्चिम बर्मंडसीतून खासदार झाले आणि त्याच वर्षी एडा बर्मंडसीच्या महापौर झाल्या. मजूर पक्षाची ब्रिटनमधली ती पहिली महिला महापौर. (त्याच 1922 च्या निवडणुकीत नदीच्या याच काठावर, थोड्या वरच्या अंगाला, उत्तर बॅटरसीतून मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला निवडून आले. जमशेटजी टाटांचा भाचा आणि साम्यवादी! 1923 मध्ये सॉल्टर आणि सकलातवाला दोघेही हरले, 1924 मध्ये दोघेही परत आले. लंडनच्या कामगार वस्त्यांचा कल त्या काळी किती एकसारखा हलत होता, ते यावरून दिसावे.)

सॉल्टर मंडळींच्या बर्मंडसी नगर परिषदेने पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जे केले त्याची बरोबरी करणाऱ्या नगरपालिका तेव्हा थोड्याच असतील. क्षयरोग्यांसाठी पालिकेचे सूर्यप्रकाश उपचार केंद्र काढले. आरोग्याचे चित्रपट स्वतः तयार केले आणि मोटारगाडीवर पडदा लावून ते रस्त्यावर दाखवले. एडाच्या हट्टाने हजारो झाडे लावली गेली, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या आल्या, झोपडपट्टी पाडून विल्सन ग्रोव्हला बागेची छोटी घरे बांधली. या सगळ्यामागे त्या भागाच्या मानाने प्रचंड सदस्यसंख्या असलेली पक्षशाखा होती. बर्मंडसीत मजूर पक्ष म्हणजे शेजारी, दवाखाना, वाचनालय आणि अंत्यविधीला येणारी चार माणसे असे सगळे होते. या मतदारसंघाला 'सुरक्षित' हे विशेषण लागले ते या कष्टांवर. 1923-24 मध्ये वर्षभर इथे रॉडरिक केडवर्ड हे उदारमतवादी खासदार होते. त्यानंतर साठ वर्षे त्या पक्षाचे नाव इथे घ्यायला कोणी नव्हते.

एडा 1942 मध्ये गेल्या, डॉक्टर 1945 मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी शेजारच्या रॉदरहाइथचे खासदार बेन स्मिथ यांनी कोळसा मंडळावरच्या पदासाठी जागा सोडली आणि 33 वर्षांचे मेलिश निवडून आले. डेप्टफर्डच्या गोदी कामगाराचा मुलगा, मोठ्या कुटुंबातला, कॅथलिक, वाहतूक कामगार संघटनेत वाढलेला, युद्धात आशियात लष्करी सेवा करून आलेला. भाषा रांगडी, आवाज मोठा, मन कोते नव्हते. हॅरल्ड विल्सन यांच्या काळात ते मंत्री झाले आणि मग मुख्य प्रतोद झाले. खासदारांना दटावून, चुचकारून मतदानाला उभे करायचे हे काम त्यांच्या स्वभावाला अगदी साजेसे होते. लोकांची घरांची कामे त्यांनी आयुष्यभर केली. मेलिश हे काही वाईट खासदार नव्हते, हे मुद्दाम नोंदवायला हवे, कारण पुढची कथा वाईट खासदाराची असती तर तिच्यात शिकण्यासारखे फारसे राहिले नसते.

पण मेलिश यांना जे मिळाले ते आयते होते. शाखा बांधण्याची गरज त्यांना कधी पडलीच नाही. ज्या जागेवर दहा-बारा हजारांनी हमखास जिंकायचे, तिथे दारोदार फिरून सदस्य नोंदवायचे कशाला? उलट, सदस्य जितके कमी तितकी कटकट कमी. नगरसेवकपद ठरावीक कुटुंबांत फिरू लागले. एकच गट वर्षानुवर्षे नगर परिषद चालवत होता आणि त्या गटाचे नेते जॉन ओ'ग्रेडी हे मेलिश यांचे खास. 1965 मध्ये बर्मंडसीची स्वतंत्र नगर परिषद मोठ्या सदर्क बरोमध्ये विलीन झाली तसा निर्णयाचा ओटाही घरापासून दूर गेला. सॉल्टरांच्या काळात शाखेच्या सभेला जागा पुरत नसे. सत्तरच्या दशकात प्रभागांच्या बैठकीला मोजकी म्हातारी माणसे येत.

आणि मग गोदी गेली. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर 1940 मध्ये, सरे गोदीतल्या लाकडाच्या वखारी पेटल्या तेव्हाची आग लंडनकर विसरलेले नाहीत. त्या आगीतून गोदी सावरली, पण जहाजांवरच्या कंटेनरपुढे ती टिकली नाही. पोलादी खोके क्रेनने उचलायचे म्हटल्यावर खांद्यावर फळ्या वाहणाऱ्या हमालांची गरज उरत नाही, आणि मोठी जहाजे नदीतून इतक्या आत येऊही शकत नाहीत. 1970 मध्ये सरे कमर्शियल डॉक्स बंद झाले. वखारी ओस पडल्या. कारखाने एकामागून एक उठले. तरुण पोरे शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत गेली. मागे राहिले ते परिषदेच्या मालकीच्या घरांतले म्हातारे, बेकार आणि नव्याने आलेले काही शिकलेले तरुण, ज्यांना मध्य लंडनच्या इतक्या जवळ इतके स्वस्त घर दुसरीकडे मिळत नव्हते.

मुंबईच्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको. तिकडे सरे गोदीच्या पाणथळ जमिनीचे काय करायचे याचा वाद चालू असताना, जानेवारी 1982 मध्ये, इकडे दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगार संपावर गेले होते. काम गेले की जमीन उरते आणि जमिनीला भाव येतो, हा क्रम दोन्हीकडे एकच. थॅचर सरकारमधले मायकेल हेसेल्टाइन यांनी 1981 मध्ये लंडन गोदी विकास महामंडळ स्थापले. नियोजनाचे अधिकार निवडून आलेल्या परिषदांकडून काढून या नेमलेल्या महामंडळाला दिले. त्याचे उपाध्यक्षपद कोणी स्वीकारावे? बर्मंडसीचे मजूर खासदार बॉब मेलिश यांनी. त्यांचा हेतू कदाचित प्रामाणिक असेल. ओसाड पडलेल्या धक्क्यांवर काहीतरी उभे राहावे असे त्यांना वाटत असेल. पण आपल्याच पक्षाची परिषद ज्या संस्थेविरुद्ध लढते आहे, तिच्याच खुर्चीवर आपला खासदार बसलेला पाहून स्थानिक कार्यकर्त्यांना काय वाटले असेल, याचा अंदाज करायला राजकारण कळावे लागत नाही.

कार्यकर्ते आता वेगळे होते. शाखेत म्हातारी माणसे उरली होती म्हणून ती ताब्यात घ्यायला फार मोठी फौज लागली नाही. 1980-81 मध्ये नव्या डाव्या तरुणांनी ती रीतसर, नियमांनी, मतदान करून घेतली. पीटर टॅचेल हा त्यांच्यातला एक. मेलबर्नमध्ये जन्मलेला, व्हिएतनाम युद्धासाठीची सक्तीची लष्करभरती टाळून 1971 मध्ये लंडनला आलेला, समलिंगींच्या हक्कांच्या चळवळीत घडलेला, बर्मंडसीत परिषदेच्या छोट्या घरात राहणारा. तो शाखेचा चिटणीस झाला. नोव्हेंबर 1981 मध्ये, मेलिश पुढच्या निवडणुकीला उभे राहणार नाहीत हे गृहीत धरून, शाखेने उमेदवार निवडला. माजी खासदार आर्थर लॅथम निवडले जातील असा अंदाज होता. निवडला गेला टॅचेल. 'बाहेरच्यांनी पक्ष बळकावला' अशी ओरड नंतर फार झाली. परंतु रिकाम्या सभागृहात वीस माणसे येऊन बसली, तर दोष त्या वीस माणसांना किती आणि सभागृह रिकामे ठेवणाऱ्याला किती, हा प्रश्न मेलिश यांना कोणी फारसा विचारला नाही.

यापुढचे वर्षभर मेलिश यांनी आपली निवृत्ती हत्यारासारखी वापरली. टॅचेलला पक्षाने मान्यता दिली तर मी लगेच राजीनामा देईन आणि पोटनिवडणूक ओढवून घेईन, ही त्यांची धमकी. मायकेल फुट तेव्हा मजूर पक्षाचे नेते. सुसंस्कृत, व्यासंगी, सज्जन. पक्षातून फुटून 1981 मध्येच सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निघाला होता आणि उदारमतवाद्यांशी युती करून तो पोटनिवडणुका गाजवत होता. अशात आणखी एक पोटनिवडणूक फुट यांना नको होती. टॅचेलने एका डाव्या नियतकालिकात संसदेबाहेरच्या आंदोलनाचा पुरस्कार करणारा लेख लिहिला होता. डिसेंबर 1981 मध्ये त्याचा उल्लेख एका फुटीर खासदाराने कॉमन्समध्ये केला, आणि फुट यांनी उभे राहून जाहीर केले की माझ्यापुरते बोलायचे तर या माणसाला पक्षाची मान्यता कधीच मिळणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी. त्यानंतर पक्षाच्या कार्यकारिणीने एका मताच्या फरकाने त्याची निवड फेटाळली. वर्षभराने तीच शाखा, तोच टॅचेल, आणि त्याच फुट यांच्या पक्षाची अधिकृत मान्यता! ज्याला नेत्याने भर संसदेत नाकारले त्याच्यासाठी त्याच नेत्याने मते मागायची, हा प्रसंग विरोधकांना लिहूनही सुचला नसता.

मेलिश यांनी दरम्यान पक्षच सोडला होता. मे 1982 च्या परिषद निवडणुकीत त्यांनी आपल्या जुन्या मंडळींना अपक्ष म्हणून पाठिंबा दिला, ऑगस्टमध्ये पक्षाचा राजीनामा दिला आणि नोव्हेंबरमध्ये संसदेचा. इथे ब्रिटिश रीतीची एक गंमत सांगायला हवी. कॉमन्सच्या सदस्याला राजीनामा देताच येत नाही. 1624 च्या ठरावाने तशी बंदी आहे. मग वाट अशी काढली आहे की सदस्याने राजसत्तेकडून लाभाचे पद मागून घ्यायचे, म्हणजे तो आपोआप अपात्र होतो. चिल्टर्न टेकड्यांतल्या दरोडेखोरांचा बंदोबस्त करणाऱ्या कारभाऱ्याचे पद त्यासाठी अजून शिल्लक ठेवले आहे. दरोडेखोर नाहीत, पगार नाही, पण नेमणूक होते. आपल्याकडे घटनेच्या 101 व्या कलमानुसार अध्यक्षांना सहीचे पत्र दिले आणि त्यांनी ते स्वीकारले की काम भागते. इतकी सोपी सोय असूनही म्हातारपण आले म्हणून मुदतीच्या मध्येच लोकसभेची जागा सोडणारा खासदार आपल्याकडे शोधून काढावा लागेल, ते वेगळे. आपल्या पोटनिवडणुका बहुधा मृत्यूमुळे होतात, नाही तर वरच्या किंवा दुसऱ्या खुर्चीमुळे.

प्रचार ब्रिटनने पाहिलेल्या घाणेरड्या प्रचारांपैकी एक होता. टॅचेलच्या पक्षाने त्याला स्वतःच्या खासगी आयुष्याबद्दल न बोलण्याचा सल्ला दिला, आणि मग इतर सगळे बोलले. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्हा न राहून तेव्हा जेमतेम सोळा वर्षे झाली होती. मोठ्या खपाची वृत्तपत्रे रोज नवी कुजबुज छापत होती. त्याचा पत्ता आणि फोन नंबर असलेले निनावी पत्रक घरोघर टाकले गेले. धमक्या आल्या, दाराच्या फटीतून बंदुकीची गोळी आत टाकली गेली. मेलिश यांच्या पाठिंब्याने उभे राहिलेले ओ'ग्रेडी घोडागाडीत बसून टॅचेलची टर उडवणारे गाणे म्हणत फिरत. उदारमतवाद्यांचे उमेदवार सायमन ह्यूज, 31 वर्षांचे वकील, स्वतः त्या पातळीला उतरले नाहीत. पण शेवटच्या दिवसांत त्यांच्या पत्रकात लढत कशी सरळ आहे हे सांगताना असा शब्द वापरला गेला की ज्याचा दुसरा अर्थ 'समलिंगी नसलेला' असा होतो. नकळत झाले असे पक्षाचे म्हणणे. त्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

एकूण सोळा उमेदवार होते. ह्यूज 17,017, टॅचेल 7,698, ओ'ग्रेडी 2,243, हुजूर पक्ष 1,631. सत्ताधारी पक्षाची अनामत जप्त झाली, तशीच ओ'ग्रेडींचीही. मला या यादीत सगळ्यात बोलका आकडा वाटतो तो तिसरा. छत्तीस वर्षे ज्याला बर्मंडसीने निवडून दिले, त्या मेलिश यांनी जाहीर आशीर्वाद दिलेल्या, 'खरा मजूर पक्ष आमचाच' म्हणणाऱ्या, जन्माने आणि बोलीने तिथल्याच माणसाला साडेसात टक्के मते. बर्मंडसी मेलिश यांची आहे असे सगळे धरून चालले होते, मेलिश तर नक्कीच. मतदारांनी टॅचेलला नाकारले हे खरे, पण त्यांनी मेलिश यांचा वारसही नाकारला, आणि त्याहून जास्त निर्दयपणे नाकारला. मते गेली ती तिसऱ्याच माणसाकडे, जो परिषदेच्या घरांच्या जिन्यांत फिरून कोणाची गळकी नळी, कोणाची बंद पडलेली लिफ्ट यांची यादी करत होता. पूर्वग्रहाने टॅचेलला किती मते गमवावी लागली हे मोजणे शक्य नाही. काही हजार असतीलही. मात्र 63 टक्क्यांतली बरीचशी मते आधीच कोणाचीही नव्हती. सवयीने पडत होती, एवढेच.

परळची 1970 ची पोटनिवडणूक इथे आठवते. तो मतदारसंघ विधानसभेचा, आणि तिथली जागा निवृत्तीने नव्हे तर कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या खुनाने रिकामी झाली होती. त्यामुळे तुलना ताणू नये. देसाई यांच्या पत्नी सरोजिनी उभ्या राहिल्या. सहानुभूती होती, लाल बावट्याची अनेक वर्षांची पुण्याई होती, विरोधी पक्षांचा पाठिंबा होता. तरी शिवसेनेचे वामनराव महाडिक दोन हजारांहून कमी मतांनी का होईना, निवडून आले आणि सेनेला पहिला आमदार मिळाला. गिरणगाव लाल आहे असे मानणाऱ्यांना तो धक्का होता, परंतु ज्यांनी चाळीतली मंडळे, व्यायामशाळा, नोकरीच्या रांगा कोणाच्या हातात जात आहेत हे पाहिले होते त्यांना नसावा. याउलट 1967 मध्ये ईशान्य मुंबईचे खासदार स. गो. बर्वे निवडून येताच निधन पावले तेव्हा काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभे केले आणि व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यासारखा दिग्गज तिथे दुसऱ्यांदा हरला. भावाच्या जागी बहीण, पतीच्या जागी पत्नी, बापाच्या जागी मुलगा: वारसा चालवण्याची ही आपली रीत बर्मंडसीत नव्हती. तिथे मेलिश यांना रक्ताचा वारस नको होता, मनाचा हवा होता. तो देण्याइतका अधिकार आपल्याजवळ आहे हा समज मात्र दोन्हीकडे एकच.

पोटनिवडणुकीनंतर साडेतीन महिन्यांनी सार्वत्रिक निवडणूक झाली. मजूर पक्ष देशभर 27.6 टक्के मतांवर आणि 209 जागांवर आला आणि फुट पायउतार झाले. बर्मंडसीच्या निकालाने तो पराभव घडवला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. त्याने तो साडेतीन महिने आधी वाचून दाखवला असेल इतकेच. टॅचेलला पुन्हा तिकीट मिळाले नाही. योगायोग असा की त्याच जूनमध्ये नदीपलीकडच्या इस्लिंग्टन साउथ आणि फिन्सबरीतून मजूर पक्षाचे ख्रिस स्मिथ अवघ्या काहीशे मतांनी निवडून आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी आपण समलिंगी असल्याचे स्वतःहून जाहीर केले. 1892 मध्ये दादाभाई नौरोजींना पाच मतांनी निवडून देणारी फिन्सबरी त्यातच येते. स्मिथ पुढे मंत्री झाले. ज्या गोष्टीने बर्मंडसीत गदारोळ झाला ती दुसरीकडे, दुसऱ्या तऱ्हेने हाताळली गेली तेव्हा राजकीय अंत ठरली नाही.

सायमन ह्यूज यांनी बर्मंडसी 32 वर्षे राखली. मतदारसंघाचे नाव तीनदा बदलले, उदारमतवादी पक्षाचा लिबरल डेमोक्रॅट पक्ष झाला, आणि ह्यूज हे तिथले नवे मेलिश झाले, असे म्हटले तर त्यांना राग येऊ नये. फरक एवढाच की त्यांची जागा कधी आरामाची नव्हती. मजूर पक्ष दर वेळी पाठीमागे धापा टाकत असे, म्हणून ह्यूजना दर आठवड्याला दारोदार जावे लागे. 2006 मध्ये, आपले पुरुषांशीही संबंध होते हे कबूल केल्यावर, त्यांनी 1983 च्या प्रचाराबद्दल टॅचेलची जाहीर माफी मागितली. टॅचेलने ती दिली, आणि तीही मोकळ्या मनाने. तेवीस वर्षांनी का होईना, त्या निवडणुकीतल्या दोघा प्रमुख उमेदवारांनी ती नीट संपवली. वृत्तपत्रांपैकी कोणी माफी मागितल्याचे माझ्या वाचनात नाही.

मेलिश 1985 मध्ये उमराव झाले, लॉर्ड्समध्ये बसले आणि मे 1998 मध्ये वारले. त्याच्या काही आठवडे आधी गोदी विकास महामंडळ गुंडाळले गेले होते. सरे गोदीच्या भराव घातलेल्या जागेवर घरे, दुकाने, छापखाने उभे राहिले होते. नदीकाठच्या वखारी महागड्या सदनिका झाल्या होत्या. 1999 मध्ये बर्मंडसीला पहिल्यांदा भुयारी रेल्वेचे स्थानक मिळाले. बिस्किटांचा कारखाना दहा वर्षांपूर्वीच बंद पडला होता.

ह्यूज यांच्या जाण्याची रीत मेलिश यांच्याहून वेगळी. ते निवृत्त झाले नाहीत, हरले. 2010 मध्ये त्यांचा पक्ष हुजूर पक्षाबरोबर सत्तेत गेला. विद्यापीठाची फी वाढवण्याच्या मतदानात ह्यूज तटस्थ राहिले. नंतर ते मंत्रीही झाले. मे 2015 मध्ये मजूर पक्षाच्या नील कॉइल यांनी त्यांना हरवले. बर्मंडसीच्या घरांत तोवर बऱ्याच नव्या भाडेकरूंचा संसार होता, ज्यांच्यासाठी 1983 ही ऐकीव गोष्टसुद्धा नव्हती. 2017 मध्ये ह्यूज पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले, यावेळी आधीपेक्षा बऱ्याच मोठ्या फरकाने. जागा आता मजूर पक्षाकडे आहे आणि लंडनचे राजकारण पाहता ती पुष्कळ 'सुरक्षित' समजली जाते. शाखेच्या सभेला किती माणसे येतात, याची नोंद वृत्तपत्रांत सहसा येत नाही.